शब्दवेध : बारगीर

‘बारगीर’ हा शब्द फारसीतून आला. ‘बार’ म्हणजे ओझे, ‘गीर’ म्हणजे घेणारा. मराठी फौजेत ज्याला घोडा नि हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार. आपल्याकडे हा पागेच्या हिशेबातला साधा शब्द.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेली आणि तिथे बारगीराचा ‘बर्गी’ झाला. गावे जळाली, माणसे भागीरथीपलीकडे पळाली. कोलकात्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला. १७५१ च्या तहात बंगालची चौथ वर्षाला बारा लाख रुपये ठरली. बर्गी मात्र अंगाईत राहिला. बर्गी आले, त्यात पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कुठून भरायचा, ही शेतकऱ्याची काळजी ती बाळाला ऐकवते. शेजारच्या ओडिशाची आठवण एवढी एकरंगी नाही; तिथे भोसल्यांनी जगन्नाथाच्या सेवेलाही हात दिला.

अटकेपारचे झेंडे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याच बैठकीत हा बर्गीही सांगा.