भिंतीवरचा डुक्कर, रानातला डुक्कर

जुन्या राजवाड्यांत आणि क्लबांत भिंतींवर टांगलेली जनावरांची मुंडकी आपल्या पिढीने पुष्कळ पाहिली. वाघापाशी लोक थबकतात, गव्यापाशीही थांबतात. रानडुकरावरून नजर पुढे सरकते. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र त्याच मुंडक्याविषयी कुतूहल वाटत आले आहे. ज्याने हे जनावर जतन केले, त्याने त्यातले नेमके काय राखले?

‘पेंढा भरणे’ हा आपला शब्द थोडा फसवा आहे. दक्षिणेत या कलेतले नामांकित घराणे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला त्यांचा कारखाना शतक सरता सरता बंद झाला. तेथे पेंढा नव्हे, साच्यातून काढलेला कागदाच्या लगद्याचा पोकळ देह वापरीत. कातडे मिठात राखून, आतून तासून, कमावून त्यावर चढवायचे आणि काचेचे डोळे बसवायचे. डुक्कर या कामाला चिवट. चरबी नीट खरवडली नाही तर कातडे टिकत नाही. नाकाडाची बिनकेसाची चकती वाळताना आक्रसते. ती मेणाने भरून रंगवावी लागते. सुळ्यांचे तर विचारूच नका! नराच्या खालच्या सुळ्याचा निम्म्याहून अधिक भाग जबड्यातच दडलेला असतो. जबडा उकळून तो अख्खा बाहेर काढला की शिकाऱ्याची छाती फुगायची. वरचे सुळे आखूड. खालचे त्यांच्यावर घासून धार धरतात. जनावराने निसणा तोंडातच बाळगलेला!

मुंडके बहुधा जबडा वासलेले आणि मानेवरचे राठ केस फिसकारलेले. यामागे एक खेळ आहे. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे हा इंग्रज अधिकाऱ्यांचा आवडता शौक होता. मेरठकडे कादिर कपाच्या स्पर्धाच भरत. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १८८९ साली या खेळावर पुस्तक लिहिले, हे आमच्या शाळेतल्या बालवीरांना सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. उलटून अंगावर येणारा नर त्या मंडळींनी पाहिला, तोच भिंतीवर आला.

पण या जनावराचा संसार माद्यांच्या कळपाचा आहे. वयात आलेले नर बहुधा एकटे हिंडतात. मादी पालापाचोळ्याचे घरटे करते, सुमारे चार महिन्यांच्या गर्भानंतर विते, आणि पिलांच्या अंगावर फिकट पट्टे असतात. काही महिन्यांत ते पुसले जातात. घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून चिखलात लोळणे ही त्याची गरज. आणि ते नाकाड म्हणजे नांगरच: कंद, मुळे, किडे, जे सापडेल ते उकरून खायचे. यातले काहीही त्या भिंतींवर आले नाही.

आपल्या मुलखाने याच प्राण्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले होते. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह. सोन्याच्या नाण्याला ‘वराह’ हे नाव त्याच्यावरूनच पडले. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा लेख आहे आणि भूदेवीला उचलणारा वराहही आहे. खानापूर तालुक्यात हलशीला कदंबांच्या काळातल्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, एकात भूवराह. पृथ्वी वर काढायला देवाने हेच रूप का घ्यावे, याचे उत्तर पुराणिक त्यांच्या परीने देतात. मला वाटते, माती उकरणारे ते नाकाड ज्यांनी रोज पाहिले, त्यांनाच ही कल्पना सुचली असावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला, मुंडक्यांचा धंदाही आटला. डुक्कर मात्र आहे. मराठीत रानडुक्कर म्हणा की कानडीत काडुहंदी, नुकसान एकाच भाषेत होते: पोटरीला आलेले भात एका रात्रीत लोळवलेले, रताळ्याचे वाफे उपसलेले, ऊस मोडलेला. परवानगीवाचून त्याला मारता येत नाही. भरपाईचा अर्ज करायचा तर आधी पंचनामा हवा, आणि पंच येईपर्यंत पाऊस मातीवरचे खूर पुसून टाकतो. म्हणून सुगीच्या दिवसांत जंगलाकडेच्या शिवारात माळ्यावर कोणी ना कोणी रात्रभर पत्र्याचा डबा बडवीत बसलेले असते.