पद कोणाचे? महाकाव्य आणि संगीत नाटक

संगीत नाटकाची व्याख्या विचारली की आपण सहसा पदांची संख्या, रागदारी आणि नटांचा गळा या तीन गोष्टी सांगून मोकळे होतो. त्यातही रामायण-महाभारतावर आधारलेले संगीत नाटक म्हटले की भव्य पडदे, किरीट-कुंडले आणि रात्र सरेपर्यंत चालणारा प्रयोग डोळ्यांसमोर येतो. पण भव्यता ही व्याख्या नव्हे. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, या प्रकाराचे मर्म एका साध्या प्रश्नात आहे : रंगभूमीवर जे पद गाइले जाते ते कोणाचे? निवेदकाचे, पात्राचे की गायकाचे?

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली, ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या आधी उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगली दरबारी झाले होते आणि तशा प्रकारचे काही मराठीत व्हावे, अशी राजेसाहेबांची इच्छा होती. भाव्यांच्या खेळात पद गाई तो सूत्रधार. गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई, विदूषक आपला धुमाकूळ घाली. पण कथा पुढे नेण्याचे काम सूत्रधाराच्या गळ्याकडे असे. पात्रांनी त्या पदाच्या अनुरोधाने हावभाव करावेत आणि आयत्या वेळी सुचेल ते भाषण करावे, अशी रीत होती. पुढच्या पिढीने या खेळांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवले. राक्षसांची आरडाओरड आणि नाचणाऱ्या तलवारी यांची टवाळी झाली, ती सर्वस्वी अन्यायाची होती असेही नाही. तथापि महाकाव्याचे एक मूलभूत लक्षण त्या खेळांत शाबूत होते. महाभारत हे कोणीतरी सांगितलेले आहे. वैशंपायन जनमेजयाला सांगतो, सौती शौनकादि ऋषींना सांगतो. सांगणारा पुढे उभा आहे म्हणूनच एका श्वासात बारा वर्षांचा वनवास ओलांडता येतो. कारवार-होन्नावरकडच्या यक्षगानात भागवत आजही हेच काम करतो. गोव्या-सिंधुदुर्गातील दशावतारातही गाणाऱ्या नाईकाचे स्थान याच जातीचे आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी यात जो पालट केला तो वरवर लहान दिसतो. बळवंत पांडुरंग किर्लोस्करांचा जन्म 1843 सालचा, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्याच वर्षाचा, आणि गाव आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली, नाटकमंडळी काढली; पुढे पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी धरली. (महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या तपशिलाचे जरा अधिकच अगत्य आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.) पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून त्यांना संगीत ‘शाकुंतला’ची प्रेरणा झाली, असे सर्वत्र नमूद आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी त्याचे पहिले चार अंक पुण्यात झाले. 18 नोव्हेंबर 1882 रोजी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक झाले आणि पुढच्या वर्षी ते नाटक पुरे झाले. या दोन्ही नाटकांत सूत्रधार नांदी म्हणून, नटीशी चार गोष्टी बोलून निघून जातो. तेथून पुढे दुष्यंत स्वतः गातो, सुभद्रा स्वतः गाते. पद पात्राचे झाले.

याचा परिणाम पाहण्यास ‘सौभद्रा’सारखे दुसरे उदाहरण नाही. आदिपर्वातील सुभद्राहरण ही मूळची क्षात्रकथा आहे. रैवतकाचा उत्सव, अर्जुनाने रथातून नेलेली कन्या, खवळलेले यादव आणि त्यांना शांत करणारा कृष्ण. भागवतात त्रिदंडी संन्याशाचे सोंग आणि दुर्योधनाला सुभद्रा देऊ पाहणारा बलराम येतो. किर्लोस्करांनी हा दुसरा धागा उचलला, घटोत्कचाला कामास लावले आणि या साऱ्यातून एक मराठी घर उभे केले. थोरल्या भावाने परस्पर ठरवलेले लग्न, मनातले बोलता न येणारी उपवर बहीण, धाकट्या भावाचे कारस्थान, आणि सारे कळूनही लटके रुसणारी वहिनी! द्वारकेचा राजवाडा बेळगावच्या किंवा वडोदऱ्याच्या वाड्याइतका जवळचा झाला. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे दुःख गाणारी सुभद्रा ही महाकाव्यातील व्यक्ती उरत नाही. ती आपल्या घरातली होते. वडोदऱ्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी ती भूमिका गाजवली.

पण किर्लोस्करांनी सांगणाऱ्याला पुरते हाकलून दिले नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. त्यांच्या पदसंभारात साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीत अशी कीर्तनकार आणि आख्यानकवी यांच्या घरची वृत्ते विपुल आहेत. कानडी चालीही आहेत. ही लहान पदे रागविस्तारासाठी नाहीत. ती वृत्तान्त सांगतात, काळ ओलांडतात, एका प्रसंगातून दुसऱ्यात नेतात. सूत्रधार विंगेत गेला, परंतु त्याचे काम पात्रांत वाटून दिले गेले. ‘सौभद्र’ हे घरगुती असूनही महाकाव्याच्या वाटेने चालते ते या साकी-दिंडीच्या पायांवर.

पुढे पद पात्राकडूनही सुटले. 1916 सालच्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि बालगंधर्वांची रुक्मिणी गाऊ लागली. ते संगीत थोर होते, त्याविषयी शंका घेणारा मी कोण? परंतु ‘वन्स मोअर’ घेताना रुक्मिणी थांबलेली असते, कृष्णही थांबलेला असतो, आणि कथाही. पद आता गायकाचे होते. विलक्षण गोष्ट अशी की, याच खाडिलकरांनी 1907 साली ‘कीचकवध’ हे गद्य नाटक लिहिले होते. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला, सैरंध्रीत हिंदभूमी ओळखली आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. महाकाव्याचा खरा दरारा त्या गाणे नसलेल्या नाटकात उतरला. 1920 साली गंधर्व मंडळीने त्यांचेच ‘द्रौपदी’ अपार खर्चाच्या नेपथ्यासह केले, पण तो दरारा नेपथ्याने आणता आला नाही.

युरोपात वाग्नरने चार रात्रींची ‘रिंग’ नाट्यमालिका 1876 साली बायरॉइट येथे सादर केली. तेथेही पात्रेच गातात. परंतु निवेदकाचे काम खाली बसलेला वाद्यवृंद करतो. मागे काय घडले, पुढे काय येणार, याची आठवण स्वरांच्या खुणांनी तो देत राहतो. आपल्याकडे ते काम साकी-दिंडीने केले. ‘शाकुंतला’शी त्याचा काही संबंध नाही, पण अडचण तीच आणि उपाय निराळा, म्हणून उल्लेख केला.

हे सारे मला पुस्तकांतून उमगले नाही. 1994 साली आमच्या गावातील एका हौशी मंडळाने ‘सौभद्र’ करावयाचे ठरविले. सभागृह साडेतीन तासांसाठीच मिळणार होते. कचेरीत मसुदे छाटण्याची सवय असलेला म्हणून संहितेची काटछाट माझ्याकडे आली. मी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि जे लोकप्रिय ते ठेवले. रागदारीची पदे एकूण एक राहिली. साक्या-दिंड्या, ‘नुसत्या माहितीच्या’ म्हणून, जवळजवळ सगळ्या गेल्या. प्रयोगाला टाळ्या भरपूर पडल्या. बाहेर पडताना माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ भेटले. तरुणपणी त्यांनी पहाटेपर्यंत चालणारे ‘सौभद्र’ पाहिले होते. ते म्हणाले, “गाणी झकास झाली हो, पण गोष्ट कुठं गेली? सुभद्रा रडते का नि अर्जुन वेष घेतो का, हे माझ्या नातीला शेवटपर्यंत कळलं नाही.”

मी वेळेची सबब सांगितली. ती खोटी नव्हती. परंतु घरी येऊन हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की, गाळलेली सारी लहान पदे मिळून वीस-पंचवीस मिनिटांचीही नव्हती. तेवढा वेळ तीन पदांच्या ‘वन्स मोअर’नेच खाल्ला होता.

ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे. निवृत्तीनंतर एकदा खोडरबर घेऊन बसलो होतो. पेन्सिल पुसली गेली, पण कागद जुना असल्यामुळे काही ठिकाणी अक्षरेही तिच्याबरोबर गेली. ती आता दुसऱ्या छापील प्रतीवरून शाईने लिहून घेत आहे.