आजारपणाचा भार कोणाचा?

कामगाराच्या दुखण्याखुपण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी कोणी सोसावी, या प्रश्नाची चर्चा मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ मध्ये बाळंतपणाच्या निमित्ताने झाली. कामकरी स्त्रियांना प्रसूतिभत्ता देण्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मुख्यत्वे सरकारचा असल्याचे मान्य केले. परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. मात्र भत्ता ज्याने त्याने आपल्याच तिजोरीतून द्यायचा होता. तेव्हा बाई कामावर न ठेवणे ही मालकाला सोयीची पळवाट होती.

ही पळवाट बुजवण्याचा मार्ग म्हणजे सामाईक निधी. आंबेडकर केंद्रात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. १९४४ च्या त्यांच्या अहवालात कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू एवढेच उद्योग होते. पुढे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वीज वापरणारे, वीस किंवा अधिक कामगारांचे बारमाही कारखाने कक्षेत घेतले. वेतनमर्यादा दरमहा ४०० रुपये ठरली. मालकाने दोन्ही वर्गण्या आधी भरायच्या. कामगाराचा वाटा पगारातून कापता येई, स्वतःचा वाटा मात्र त्याच्या माथी मारता येत नसे. ज्याची रोजी एक रुपयाहून कमी, त्याला वर्गणी माफ होती.

कायदा झाला, पण योजना अडली. आरंभ कानपूर व दिल्लीत व्हायचा होता, आणि तेथील मालकांची तक्रार अशी की, आम्ही वर्गणी भरणार, मुंबई-अहमदाबादचे गिरणीवाले भरणार नाहीत. मग बाजारात आमचा माल टिकणार कसा? तक्रार स्वार्थाची खरी, पण खोटी नव्हती. किमान दंडक एका शहरापुरता ठेवला की तो पाळणाऱ्यालाच शिक्षा होते. १९५१ च्या दुरुस्तीने यावर तोड काढली: योजना जेथे सुरू होईल तेथील मालकांनी वेतनाच्या सव्वा टक्का आणि इतरत्र, योजना पोहोचण्यापूर्वीच, पाऊण टक्का विशेष वर्गणी द्यावी. कानपूरच्या रोग्यासाठी मुंबईचा गिरणीमालक पैसे देऊ लागला! २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचा शुभारंभ झाला.

प्रारंभी वैद्यकीय सेवा केवळ कामगारापुरती होती. खोकणाऱ्या मुलाला दवाखान्याच्या दारातून परत न्यावे लागे. कुटुंबीयांसाठी ते दार १९५८ पासून उघडू लागले.