मद्रासचे न्यायमूर्ती आणि पॅलेस्टाइनचा दावा

मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. तेथील उच्च न्यायालयाची तांबडी, घुमटांची इमारत १८९२ साली पुरी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेथे न्यायासनावर असलेले सर अब्दुर रहमान पुढे लाहोरच्या उच्च न्यायालयात गेले. आणि १९४७ च्या उन्हाळ्यात एका निराळ्याच दाव्याचा विचार त्यांना करावा लागला. तो दावा होता पॅलेस्टाइनचा.

त्या भूमीत ज्यूंना राष्ट्रीय निवासस्थान मिळवून देण्याचे आश्वासन ब्रिटनने १९१७ साली दिले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणाऱ्या अरबांची संमती मात्र कोणी घेतली नाही. हिटलरच्या छळामुळे ज्यूंचा ओघ वाढला, १९३६ साली अरबांचे बंड उसळले, आणि अखेर ब्रिटनने हा गुंता संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवला. संघाने अकरा राष्ट्रांची समिती नेमली. तीत भारतातर्फे रहमान होते.

सात सभासदांनी फाळणीचा कौल दिला. भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी संघराज्य सुचविले : अरब व ज्यू अशी दोन घटकराज्ये, जेरुसलेम ही राजधानी, एका सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात आणि दुसऱ्यात समसमान प्रतिनिधित्व. ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला. दैवदुर्विलास असा, की ऑगस्टअखेर या अहवालावर सह्या झाल्या, तेव्हा खुद्द हिंदुस्थानची फाळणी होऊन दोन आठवडे लोटले होते आणि लाहोर पाकिस्तानात गेले होते.

संघराज्याची योजना दोन्ही पक्षांना मानवली नाही. २९ नोव्हेंबर रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. भारताचे मत विरोधी होते. ज्यू नेत्यांनी ठराव स्वीकारला, अरबांनी झिडकारला. न्यायालयाच्या हुकूमनाम्यामागे बेलिफ असतो. या ठरावामागे तसे कोणी नव्हते. १९४८ साली इस्राएलची स्थापना झाली, युद्ध पेटले, आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले.

पुढे १९६७ चे युद्ध झाले. १९९३ साली ऑस्लो कराराने आशा पालवली. दोनच वर्षांत तो करार करणारे पंतप्रधान राबिन एका ज्यू माथेफिरूच्या गोळीस बळी पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यानंतर गाझात पुन्हा रणकंदन माजले.

रहमान यांची योजना व्यवहार्य होती काय, याविषयी मतभेद संभवतात. परंतु एकाच भूमीवर दोन समाजांनी नांदावे कसे, हा तिने हाती घेतलेला प्रश्न फाळणीच्या ठरावानेही सुटला नाही. दोन्ही पक्षांची मने ज्यात गुंतली नाहीत, तो निवाडा कागदावरच राहतो.