समूहगीत, मौलाना आणि शाहीर

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगीताची स्पर्धा असते. गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन, आणि सिनेमातलं गाणं चालत नाही. माधवनगरहून सांगलीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ही स्पर्धा माहीत असते. तिचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि त्यात आपला, म्हणजे मराठी मुसलमानांचा, वाटा किती आहे हे तर नाहीच.

पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव १९५४ साली दिल्लीत तालकटोरा बागेत भरला. तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते. अरबी-फारसीचे आलिम, कुरआनचे भाष्यकार. तरुणपणी ते सतार शिकले होते. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मध्ये त्यांनी संगीतावर मनापासून लिहिलं आहे.

दिल्लीनं मंच दिला, पण मराठी समूहगीताला आवाज मिळाला तो शाहिरीतून. ‘शाहीर’ हा शब्दच मुळात अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी तिचं शेवटचं टोक उंच सुरात धरतात. डफ आणि तुणतुण्याबरोबर ती झील तापत जाते.

१९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर होते. त्यांच्यामुळे ही झील गिरणगावात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये हजारो लोकांच्या तोंडी गेली. अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी. अण्णा भाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे.

१९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ साली निघेपर्यंत बार्शी आणि वाटेगाव ही दोन्ही गावं याच विद्यापीठाच्या क्षेत्रात होती. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची म्हणून प्रसिद्ध आहे. आज मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. आपल्या मोहल्ल्यात गोड गळ्याची मुलं-मुली आहेत, पण समूहगीतासाठी नावं देताना मागे राहतात. संगीताबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तो आजचा विषय नाही. पण ज्या घरांत कव्वाली, गझल आनंदानं ऐकली जाते, तिथेही “पोवाडा आपला नाही, त्यांचा आहे” असं ऐकू येतं. बाहेरची मंडळीही कौतुकानं म्हणतात, “तुमचं मराठी चांगलं आहे हो!” दोन्हीकडून एकच गोष्ट सांगितली जाते: तुम्ही इथे पाहुणे आहात.

मिरज शेजारीच असल्यानं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. ते घ्यावंच. पण ख्याल गाण्यासाठी आयुष्यभराची तालीम लागते. समूहगीताला शेजारच्याचा सूर ऐकायची तयारी लागते, आणि ती आपल्या मुलांकडे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत सगळ्यांत पुढचा आवाज बार्शीच्या एका पटेलाचा होता. तेव्हा यंदा कॉलेजात समूहगीताची निवड सुरू झाली की पोरांना घरी बसवू नका, नाव द्यायला सांगा.