चोरांची गल्ली आणि सावकाराची ओसरी

गुन्हेगारी जगावरील मूकपट म्हटला की अंधारे अड्डे आणि पोलिसांचा पाठलाग आठवतो. एर्मलर आणि इओगान्सोन यांच्या १९२६ सालच्या रशियन मूकपटातील कात्का ही खेड्यातली मुलगी गाय घेण्यापुरते पैसे कमवायला लेनिनग्राडला येते, रस्त्यावर सफरचंदे विकते आणि भुरट्या चोरांच्या जगात सापडते. गायीसाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे काष्टीच्या जनावरांच्या बाजारात वावरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच्या एक वर्ष आधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. खोट्या कागदाच्या आधारे सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. आमच्या मते हाही गुन्हेगारी जगाचाच चित्रपट आहे. येथील गुन्हेगाराचा अड्डा मात्र भर गावात, ओसरीवर आहे. चोर कायद्याला भितो. सावकाराचा खोटा कागद कोर्टात खरा ठरतो आणि जप्ती घेऊन सरकारी माणूसच दारात येतो. मग फिर्याद करायची ती कोणाकडे?

आमच्या भागाला हा प्रश्न पडद्यावर येण्याआधी पन्नास वर्षे पडला होता. १२ मे १८७५ रोजी भीमेपलीकडच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ते लोण नगर जिल्ह्यात, आमच्या श्रीगोंदे तालुक्यातही पोहोचले. दंगेखोरांचा मुख्य रोख खतांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसले, तरी आपला गळा कशाने आवळला आहे हे नेमके कळत होते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. कागद खोटे बोलू शकतो, ही सरकारनेच दिलेली कबुली होती.

पेंटरांनी १९३६ मध्ये याच कथेचा बोलपट केला. मूळ मूकपट मात्र हरवला. कात्का आजही पाहता येते; आपला शेतकरी आठवणींतूनच उभा करावा लागतो. जे. बी. एच. वाडियांच्या स्मरणात त्यातली काळोखी झोपडी आणि रडणारे कुत्रे राहिले होते. आमच्याकडे पुरावा म्हणून ज्यांची खते तिजोरीत जपली गेली, त्यांच्या दुःखाची फीत कोणी जपली नाही.