झाडीपट्टीचें संगीत नाटक

आयर्लंडांतील डंडॉक गांवच्या कॉर घराण्यांतील तीन बहिणी व एक भाऊ यांनीं १९९० सालीं आपला वाद्यवृंद उभा केला. नव्या तालाच्या गीतांत त्यांनीं आपल्या मुलखाचा पांवा, व्हायोलिन व बोधरान नांवाचा हातडफ मिसळला आणि देशोदेशीं नांव मिळविलें. असाच संकर आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, वैनगंगेच्या खोऱ्यांत, कितीतरी आधीं घडून आला होता. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत त्याची वार्ता मात्र क्वचितच पोंचली.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील वनप्रदेश म्हणजे झाडीपट्टी. येथील जुनी लोककला दंडार. पुरुषांनींच स्त्रीवेष घ्यावा, ढोलकीच्या ठेक्यावर नाचावें, गावें, मधूनच थट्टेचे संवाद बोलावे, असा तिचा रिवाज. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें आणि संगीत नाटकाची जी लाट पसरली, ती झाडींतहि शिरली. पुढें बोलपट आला. पश्चिम महाराष्ट्रांत त्यानें संगीत नाटकास मागें रेटलें. झाडीनें बोलपटाच्याच चाली उचलून नाटकांत घातल्या. कोणास ही उचलेगिरी वाटेल. मला ती पचनशक्ति वाटते. ऑर्गन-तबल्याच्या शेजारीं कालांतरानें की-बोर्ड व ऑक्टोपॅड बसले, लावणीहि आली. नटानें स्वतःच्या गळ्यानें गावें, ही अपेक्षा तेवढी टिकून राहिली. (या नव्या वाद्यांच्या गलक्यांत ढोलकी पार बुजते, हें मात्र मला खटकतें.)

भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, कीं हंगाम सुरू होतो. गांवीं मंडई किंवा शंकरपट भरवावा, दिवसां बैलजोड्या पळवाव्या, रात्रीं नाटक लावावें, तें पहाटेपर्यंत चालावें. आणि त्या निमित्तानें जमलेल्या पाहुण्यांत मुलामुलींच्या सोयरिकीहि जुळवाव्या! पूर्वीं गांवकरीच नट असत. मग व्यावसायिक कंपन्या निघाल्या व गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हें त्यांचें मुख्य ठाणें झालें. गांवचें मंडळ तेथें जाऊन प्रयोग ठरवितें आणि तिकिटें विकून खर्च भागवितें.

म्हणूनच २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींस बंदी केली, तेव्हां शंकरपटाबरोबर नाटकाचाहि एक आधार खचला. डिसेंबर २०२१ मध्यें मुभा परत मिळाली. परंतु तत्पूर्वींच २०२० च्या साथीनें रंगमंच ओस पडले होते. ज्यांची कमाई या चार महिन्यांचीच, त्या नटांना व वादकांना पुन्हां शेताकडे व मजुरीकडे वळावें लागलें.

त्यानंतर २०२३ सालीं गडचिरोलीचे विनोदी नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या नांवावर पांच हजारांहून अधिक प्रयोग व आठशें भूमिका सांगतात. त्यांतील बहुतेक प्रयोग शहरी प्रेक्षकांनीं पाहिलेले नाहींत. ते झाले भाताच्या मोकळ्या बांध्यांत, थंडीच्या रात्रीं, घोंगड्या पांघरून बसलेल्या शेतकऱ्यांपुढें.